कर्नलच्या बिल्डमध्ये मशीननं लिहिलेला कोड कुठून येते, अन् त्यात आपला कसा घालायचा

राजेहो, लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा) सोर्स कोड उतरवला, कर्नल/टाईम मधली टाईम.सी उघडली, तर त्यात जनरेटेड/टाईमकॉन्स्ट.एच नावाची हेडर फाईल इन्क्लूड केलेली दिसते, अन् अख्खा सोर्स पालथा घातला तरी ती फाईल सापडत नाही. सोर्स बरोबरच आहे, ती फाईल बिल्डच्या (सोर्सपासून कर्नल बनवायच्या) वेळी तयार होते. शेजारीच टाईमकॉन्स्ट.बीसी नावाची स्क्रिप्ट पडलेली आहे, ती कॉन्फिगमधल्या एचझेडवरून (कर्नलचा टायमर सेकंदाले किती ठोके देते तो आकडा; सहसा 100, 250, 300 नाहीतर 1000) वेळेचे आकडे काढून हेडरमध्ये लिहिते, म्हणून तर बीसी (ती स्क्रिप्ट चालवणारा कॅल्क्युलेटर) पॅकेज नसलं की बिल्ड अडते. कर्नल 4.16 पासून फ्लेक्स अन् बायसन ही पार्सर बनवणारी टूल्स पण लागतात, काहून का केकॉन्फिगचा (कर्नलच्या सेटिंग सांभाळणाऱ्या भागाचा) पार्सर पण बिल्डमध्येच बनते. जिनिंग झाल्याशिवाय कापसाची गाठ बांधता येत नाही, तसं हे सगळं जीसीसीनं (सी कंपायलरनं) कर्नलचा मुख्य कोड कंपाईल करायच्या आधी व्हावं लागते.

आधी डोळ्यानं पाहा. गिटचा पूर्ण इतिहास उतरवू नका, कित्येक जीबी जाते अन् गावात हॉटस्पॉटवर ते होत नाही; कर्नल.ऑर्गवरचा टारबॉल घ्या, साधारण 150 एमबीत भागते. मेक डेफकॉन्फिग (डिफॉल्ट सेटिंग घेते) चालवा, मंग मेक प्रिपेअर (ह्या मशीननं लिहायच्या फाईली बनवते). पूर्ण कर्नल बिल्ड करायची गरज नाही, जुन्या लॅपटॉपवर पण होते. आता इन्क्लूड/जनरेटेड फोल्डर उघडा. त्यातली एएसएम-ऑफसेट्स.एच मले सगळ्यात भारी वाटते: असेंब्लीले सीच्या स्ट्रक्टमधलं कोणतं फील्ड किती बाईटवर आहे हे माहीत नसते, म्हणून एक सी फाईल फक्त असेंब्लीपर्यंत कंपाईल करतात अन् सेड नावाच्या टेक्स्टच्या टूलनं त्यातले आकडे उचलतात. प्रोग्राम चालवून आकडे काहून नाही छापत? कारण आर्म प्रोसेसरसाठी क्रॉस-कंपाईल करताना तो प्रोग्राम आपल्या इंटेलच्या मशीनवर चालणारच नाही!

आता आपलं. समजा जमिनीतली ओल मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर लिहिताय अन् रीडिंगचे टक्के करायचे आहेत. कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंट सहसा वापरत नाहीत, मंग टेबल आधीच काढून ठेवा. टेक्स्ट फाईलमधले आकडे वाचून टेबल छापणारा छोटा सी प्रोग्राम लिहा, मेकफाईलमध्ये (बिल्डचे नियम असलेल्या फाईलमध्ये) त्याचं नाव होस्टप्रॉग्समध्ये टाका, म्हणजे तो तुमच्या मशीनसाठी कंपाईल होते, ड्रायव्हर चालणार त्या बोर्डसाठी नाही. त्याच्या आउटपुटचं हेडर बनवणाऱ्या रूलमध्ये तो प्रोग्राम अन् आकड्यांची टेक्स्ट फाईल दोन्ही डिपेंडन्सी द्या, शेवटी फोर्स (म्हणजे दर वेळी तपासणी होते), अन् कमांड इफ-चेंज्डमधून चालवा; हे केबिल्डचं, म्हणजे कर्नलच्या बिल्ड सिस्टमचं, फंक्शन कमांड नाहीतर डिपेंडन्सी बदलली असली तरच काम करते. हेडरचं नाव मेकफाईलमधल्या टार्गेट्स यादीत टाकायचं विसरू नका, नाहीतर दर बिल्डले ते पुन्हा बनत राहील. टार्गेट्समध्ये असलं की मेक क्लीन त्याले आपोआप पुसते. इफ-चेंज्डचा अजून एक फायदा, कमांडची नोंद काम झाल्यावर शेवटी लिहिली जाते, त्यामुळं अर्ध्यात लाईट गेली अन् नोंद नसली की पुढच्या वेळी ते हेडर पुन्हा बनते.

खरी गडबड पुढं आहे. ड्रायव्हरच्या दोन सी फाईली तेच हेडर इन्क्लूड करतात अन् तुम्ही डिपेंडन्सी एकाच ऑब्जेक्टले (कंपाईल होऊन बनणाऱ्या फाईलले) सांगितली, तर साध्या मेकवर नशिबानं चालून जाते, पण जे8 (एकाच वेळी आठ कामं) लावलं की दुसरी फाईल हेडर बनायच्या आधीच कंपाईल व्हायला लागते अन् फाईल सापडत नाही म्हणून एरर. पुन्हा मेक मारलं की पास, कारण हेडर तोवर बनलेलं असते, अन् मंग माणूस म्हणते "झालं बावा". झालेलं काहीच नसते. एकदा कंपाईल झाल्यावर केबिल्ड डिपेंडन्सी स्वतः नोंदवते, पण पहिल्या वेळी त्याले काहीच माहीत नसते, म्हणून प्रत्येक ऑब्जेक्टसाठी हेडरच्या डिपेंडन्सीची ओळ हातानं लिहा.

तपासायचं असं: मेक क्लीन, मंग जे8 नं मेक, मंग लगेच पुन्हा मेक. दुसऱ्या वेळी तुमचं काही कंपाईल झालं तर व्ही=2 लावून कारण पाहा. ओ= देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये पण एकदा करा, तिथं हेडर सोर्समध्ये नाही, बिल्ड फोल्डरमध्ये पडते, त्यामुळं इन्क्लूडचा रस्ता ऑब्जेक्ट फोल्डरचा द्या.

बनलेली फाईल हातानं सुधारू नका, गिटमध्ये टाकू नका, नाव गिटइग्नोरमध्ये टाका. अपवाद नावाच्या शेवटी शिप्ड असलेल्या फाईलींचा: डेफकीमॅप (कीबोर्डचा डिफॉल्ट नकाशा) बनवायले लोडकीज नावाचं टूल लागते, ते सगळ्यांच्या मशीनवर नसते, म्हणून बनलेली फाईलच सोर्ससोबत देतात अन् केबिल्ड फक्त कॉपी मारते. आपल्या टेबलले त्याची काही गरज नाही, सी कंपायलर तर सगळ्यांकडं असतेच.