स्केटबोर्डचा बूट: करंगळीची जागा आधी बघा

एखाद्या स्केटरचा वापरून जुना झालेला जोड हातात घ्या. दोन्ही बूट सारखे झिजलेले दिसणार नाहीत. पुढच्या पायाच्या बुटाला करंगळीच्या बाजूला भोक पडलेलं असतं आणि त्याच बाजूच्या नाड्या तुटून गाठी मारलेल्या असतात. मागच्या पायाचा बूट वरून जवळपास नवा असतो, पण चवड्याखालचा तळ घासून गुळगुळीत झालेला असतो, कारण ढकलायला आणि थांबायला तोच पाय जमिनीवर घासतो.

मी पुण्यात रविवारी सकाळी मुलांना बोर्ड शिकवते. नव्या मुलांचे आईबाबा विचारतात, "ताई, कुठल्या कंपनीचा घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे: कंपनीचं नंतर बघू, आधी बुटाची करंगळीजवळची जागा बघा.

कारण ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारलेली उडी. डेकवरची, म्हणजे बोर्डच्या फळीवरची, काळी ग्रिप टेप म्हणजे सरळसरळ पॉलिश पेपर, वर सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला. ऑली मारताना मागच्या पायाने टेल (बोर्डचं मागचं टोक) जमिनीवर आपटायची आणि पुढचं पाऊल कलतं करून त्याची बाहेरची कड त्या पेपरवरून नोजपर्यंत (पुढच्या टोकापर्यंत) घासत न्यायची. बोर्ड वर येतो तो या घासण्यामुळे, आणि बूट फाटतो तोही याच घासण्यामुळे. किकफ्लिपमध्ये, म्हणजे ऑलीत बोर्डला हवेत लांबीभोवती गिरकी द्यायची तेव्हा, हीच हालचाल पुढे जाऊन नोजच्या कडेवरून झटक्याने बाहेर सुटते, त्यामुळे झीज करंगळीच्या टोकाशी जाते. तुमचं मूल अजून नुसतं ढकलत आणि वळत असेल, तर यातलं काहीच अजून लागू नाही. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज त्याला काही महिने पुरतात. तळ सपाट आणि पातळ असतो, पायाखाली बोर्ड नीट कळतो. ऑली सुरू झाली की मात्र ते कॅनव्हास पटकन फाटतं, आणि तेव्हा खरा स्केटचा बूट घ्यायचा.

रनिंग शूज नकोत. घरात आहेतच म्हणून बहुतेक मुलं तेच घालून येतात. त्यांची टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते, खाली जाड फोम असतो आणि वर जाळी. जाळी ग्रिप टेपवर टिकत नाही हा छोटा तोटा. मोठा तोटा असा की फोमच्या उंचीवर पाय डगमगतो, घोटा मुरगळण्याची भीती वाढते आणि बोर्डची कड कुठे आहे हे पायाला समजतच नाही. स्केटच्या बुटाचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत जवळजवळ सपाट असतो, तो याच कारणासाठी.

हे बूट स्केटरांच्या पायांवरच घडत गेले. व्हॅन्स कंपनी 1966 साली कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला सुरू झाली, तेव्हा ती स्केटरांसाठी नव्हतीच. जाड रबराचा चिकट तळ तिथल्या पोरांना आवडला. एकच बूट झिजायचा म्हणून कंपनीच्या दुकानात एकच बूट विकतही मिळायचा. 1976 मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा यांच्या सल्ल्याने घोट्याशी गादी असलेला 'एरा' आला. मग फ्लोरिडाच्या अ‍ॅलन गेलफँडने ऑली शोधली, रॉडनी मलनने 1982 मध्ये ती सपाट जमिनीवर आणली, आणि झीज तळावरून बुटाच्या कुशीवर आली. स्टीव्ह कॅबायेरोच्या नावाचा उंच बूट 1989 मध्ये निघाला, तर स्केटरांनी तो घोट्याखाली कापून, कडेला चिकटपट्टी गुंडाळून वापरायला सुरुवात केली. कंपनीने 1992 मध्ये तसाच अर्धा बूट काढला, तो 'हाफ कॅब'. आजही तो विकला जातो, आणि मला तो फार आवडतो: घोट्याला आधार आहे, तरी पाऊल कलतं होताना अडत नाही.

आता तळ. दोन प्रकार आहेत. पहिला व्हल्कनाइज्ड, बोलीत 'व्हल्क': वरचा भाग तळावर चिकटवतात, कडेने रबराची पट्टी गुंडाळतात आणि सगळं भट्टीत तापवून पक्कं करतात. असा बूट पातळ आणि लवचिक असतो, पहिल्या दिवसापासून वाकतो. दुसरा कपसोल: रबराचा वाटीच्या आकाराचा तळ वेगळा साच्यात ओततात, त्यात बूट बसवून कडेने शिवतात. वाटीत फोमचा थर ठेवायला जागा मिळते, म्हणून पायऱ्यांवरून किंवा उंचावरून उडी मारणाऱ्याची टाच वाचते. सुरुवातीला तो कडक असतो, पण जास्त दिवस टिकतो.

कुठला घ्यायचा हे तुम्ही कुठे चालवता यावर ठरतं. सोसायटीच्या पार्किंगमधला गुळगुळीत कोबा किंवा शहाबादी फरशी असेल आणि सगळा सराव सपाटीवर असेल, तर व्हल्क. पातळ तळातून ट्रकचे (चाकांच्या आसांचे) बोल्टसुद्धा पायाला कळतात, फ्लिप शिकताना ते लाखमोलाचं आहे. पेव्हर ब्लॉक आणि खडबडीत डांबर हीच तुमची जागा असेल, तर व्हल्कमध्ये तळव्याला मुंग्या येतात. तिथे कपसोल बरा. वजनाने भारी असलेल्या मोठ्या माणसांना मी कपसोलच सुचवते. टाचेला मुका मार बसला तर बोर्डवर उभं राहणंही बंद होतं, आणि तो बरा व्हायला आठवडे घेतो.

दुकानात गेल्यावर बुटाकडे बघू नका, हातात घेऊन दाबा. करंगळीच्या जागी अंगठा दाबा. वरचा थर स्वेडचा (लवदार, मऊ चामड्याचा) हवा; कॅनव्हास किंवा गुळगुळीत नकली चामडं तिथे नको. चांगल्या स्केटच्या बुटात स्वेडच्या खाली रबराचा आणखी एक पातळ थर लपवलेला असतो. दाबल्यावर आत थोडा ताठ, चिवट लागतो. स्वेडला भोक पडलं तरी तो थर बराच काळ मोजा बाहेर येऊ देत नाही. मग शिवण बघा. पुढचा भाग एकाच तुकड्याचा असेल तर उत्तम, कारण घासणीत आधी दोरा तुटतो, चामडं नंतर. शिवण असलीच तर दुहेरी-तिहेरी हवी. नाड्यांची खालची भोकं करंगळीच्या बाजूला उघडी आहेत की झाकलेली, तेही बघा.

त्यानंतर इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, उपसून काढा. दुकानदार कुरकुरला तरी काढा. कपसोल म्हणून दाखवलेल्या काही बुटांवर शिवण नुसती साच्यात उमटवलेली असते. खरी शिवण असेल तर इनसोलच्या खाली कडेने फिरलेला दोरा बहुतेक वेळा दिसतो. इनसोल चिमटीत दाबून सोडा. लगेच पूर्ववत झाली पाहिजे. ईव्हीए फोमची हलकी असते पण काही महिन्यांत चपटी होते, पीयूची (पॉलियुरेथेनची) थोडी जड पण जास्त टिकाऊ. आणि जिभेच्या दोन्ही बाजूंना इलॅस्टिकच्या पट्ट्या आहेत का बघा. त्या नसल्या की प्रत्येक ऑलीनंतर जीभ बाहेरच्या बाजूला सरकते आणि मूल दर पाच मिनिटांनी खाली बसून नाडी सोडतं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. मॉलमध्ये मिळणारा व्हॅन्सचा नेहमीचा 'ओल्ड स्कूल' बूट आणि स्केटसाठी बनवलेला ओल्ड स्कूल लांबून सारखेच दिसतात. व्हॅन्सने 2021 मध्ये 'स्केट क्लासिक्स' नावाची वेगळी मालिका काढली. त्यात झिजणाऱ्या जागांखाली रबराचा थर, जाड इनसोल आणि जिभेच्या पट्ट्या आहेत. नेहमीचा बूट चालायला छान आहे, पण तो या कामासाठी बनवलेला नाही. डब्यावर 'स्केट' शब्द शोधा आणि अंगठ्याची परीक्षा तिथेही घ्या.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, आणि रोजचा मोजा घालूनच. बोटं पुढे टेकायला नकोत, पण मोकळी जागाही नको. पुढे रिकामं टोक राहिलं तर फ्लिपचा झटका त्या रिकाम्या जागेतच जिरतो. रुंदीला किंचित घट्ट चालेल, स्वेड रुंदीला सैलावतं. लांबीला नाही. मुलांच्या बाबतीत "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून एक नंबर मोठा घेणारे पालक मला दरवर्षी भेटतात. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, शाळेच्या बुटात हे करा, स्केटच्या बुटात नको. सैल बुटात पाय आतल्या आत सरकतो आणि मूल बोर्डवरून नाही, स्वतःच्या बुटावरून पडतं.

नवीन बूट घालून थेट किकफ्लिपला जाऊ नका. दोनतीन दिवस घरात घालून फिरा, चवड्यावर उभे राहा, उकिडवे बसा. मग पहिले काही सराव ढकलणं, वळणं, मॅन्युअल (दोनच चाकांवर तोल सांभाळत जाणं) एवढंच. कपसोलला हे जास्त लागतं. जुना जोड लगेच टाकू नका. नवा मऊ होईपर्यंत फ्लिपचा सराव जुन्यावरच करा.

पण नवा बूट पायात घालायच्या आधी अर्धा तास त्याला द्या. ऑलीच्या जागेवरच्या शिवणीवर काडीच्या टोकाने झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बारीक रेघ ओढा. फक्त दोऱ्यावर. स्वेडवर पसरला तर तो भाग कडक होतो आणि वाकताना तडकतो. नाडी सगळ्यात खालच्या भोकातून ओवूच नका, आणि वरच्या भोकांतून अशी ओवा की आडवे फेरे आतल्या बाजूला जातील. एवढ्याने नाडीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

भोक पडलंच, तर बूट संपला असं समजू नका. जुन्या जोडाचा मागच्या पायाचा बूट असतो ना, त्याचं स्वेड शाबूत असतं. टाचेच्या बाजूने बदामाएवढा नाही, चांगला तीन बोटं रुंद तुकडा कापा. भोकाच्या भोवतीची जागा आणि तुकड्याची मागची बाजू पॉलिश पेपरने खरवडा, धूळ पुसा. पंक्चरवाल्याकडचं सुलोचन दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहापंधरा मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकट लागेल पण बोटाला येणार नाही, तेव्हा तुकडा बसवा. बुटात आतून कागदाचा बोळा घट्ट कोंबा, वरून वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. तुकड्याची कड अगदी पातळ करून घेतली तर ती ग्रिप टेपला अडकत नाही. चौकातल्या मोचीकाकांकडे गेलात तर ते आरी आणि मेणदोऱ्याने कडेने शिवूनही देतात. त्यांना फक्त सांगा की टाके सुलोचन सुकल्यावर घाला आणि दोरा स्वेडमध्ये दाबून घ्या.

सायकलच्या ट्यूबचं ठिगळ मात्र नको. ते टिकतं खूप, पण रबर ग्रिप टेपवर घसरत नाही, धरून बसतं. पाऊल अध्येमध्येच अडकतं, ऑली बसकी होते आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. स्वेड घासतंही आणि सुटतंही.

पावसाळ्यात एवढंच: ओल्या स्वेडवर सराव करू नका, ते ओलं असताना फार लवकर फाटतं. वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवले तर गोंद सुटतो आणि व्हल्कची पट्टी चवड्याजवळ उकलायला लागते. ती उकल नखाएवढी असतानाच सुलोचनने चिकटवून घ्या.

वरची भोकं शिवता येतात, पण तीन गोष्टी झाल्या की बूट पायातून काढायचा. चवड्याखालचा तळ इतका पातळ झाला की दाबल्यावर आतलं कापड जाणवतं. टाचेची मागची भिंत दोन बोटांत चुरगळते. किंवा वळताना पाऊल तळाच्या कडेबाहेर ओघळतं. त्यावर ठिगळ लावून चालवणं म्हणजे घोटा पणाला लावणं. नाड्या काढून घ्या, इनसोल चांगली असेल तर बाजूला ठेवा, आणि मागच्या पायाचा बूट पुढच्या ठिगळांसाठी जपून ठेवा.