बांधावर कोयता चालवण्याआधी: तरवड, टाकळा, पेटारी आणि पिवळा धोत्रा

नवरात्र जवळ आलं की माळावरचा तरवड पिवळाधमक होतो आणि घटाच्या माळेसाठी फुलं तोडायला माणसं बांधाबांधाने फिरू लागतात. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, ज्वारी-हरभऱ्यासाठी रानं मोकळी करायची घाई असते. नेमक्या याच पंधरवड्यात बांधावर सरसकट कोयता फिरतो, नाहीतर तणनाशकाचा पंप. या पिवळ्या फुलांच्या गर्दीत काही झाडं औषधी म्हणून विकली जातात, काही पिकावर कीड आणतात आणि एक-दोन घरातल्या लेकरांच्या जिवावर उठू शकतात. तेव्हा आधी बांधावरून एक चक्कर मारा आणि कोण कोण उभं आहे ते बघून घ्या.

तरवड राहू द्या. मुरमाड, पाण्यावाचूनच्या जमिनीवर तो तग धरतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला फुकटचा गडी. त्याच्या सालीवर पूर्वी कातडी कमावली जात. आयुर्वेदात त्याला आवर्तकी म्हणतात. फुलं विकायची असतील तर सकाळी पूर्ण उमललेली तोडा आणि सावलीत पातळ पसरून वाळवा. उन्हात टाकली तर रंग मरतो आणि व्यापारी भाव पाडतो. साल काढताना खोडाभोवती गोल कडं सोलू नका, झुडूप वाळून जाईल. बाजूच्या फांद्या छाटून त्यांची साल घ्या. घरात कोणी या फुलांचा काढा साखरेसाठी पीत असेल आणि गोळ्याही चालू असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय दोन्ही एकत्र नकोत. साखर एकदम खाली येऊ शकते.

टाकळ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. विदर्भात तरोटा, गोव्याकडे टायकळो. आषाढ-श्रावणात त्याची कोवळी पानं आपण भाजीला खुडली. आता त्याला फुलं आणि शेंगा आहेत. त्याच्या बियांना मागणी असते. दद्रुघ्न हे संस्कृत नावच सांगतं की नायट्यावर त्या वापरात होत्या. शेंगा पिवळसर तपकिरी झाल्या की कापणी करा, आणि ती पहाटे, दव असताना. ऊन चढल्यावर हात लावला तर शेंगा तडकतात, बी जमिनीत जातं आणि पुढच्या पावसाळ्यात तेच तण तुमच्या तुरीत उभं राहतं. पोतं भरून झालं की गोठ्याच्या पेंडीपासून लांब ठेवा, कारण या बिया गुरांच्या पोटात जास्त गेल्या तर त्रास होतो.

पण टाकळ्याच्या शेजारी त्याचा भाऊबंद उभा असतो, कासविंदा. कोणी त्याला कासुंद्री म्हणतं, कोणी रानटाकळा, आणि त्या नावानेच घोटाळा होतो. टाकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या पानोळ्या (एकाच देठावरची छोटी पानं), टोकाला गोलसर. शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याच्या पानोळ्या चार-पाच जोड्या, टोकाला निमुळत्या, चुरगळल्या की उग्र वास. शेंग चपटी, कडेला फिकट पट्टी. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौर-सहारनपूर भागात पावसाळा सरला की लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची आणि तो मेंदूज्वर समजला जायचा. शोध घेतल्यावर बहुतेकांनी कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याचं पुढे आलं. जुने लोक त्याचं बी भाजून वापरत, पण पोरांना ते माहीत नसतं. खेळता खेळता हिरवी शेंग सोलून तोंडात टाकतात. अंगणवाडी, शाळा, घर यांच्या आसपासचा कासविंदा शेंग धरण्याआधीच उपटा, आणि विक्रीच्या टाकळ्यात त्याचा एक दाणाही मिसळू देऊ नका.

चिकणा आणि पेटारी या दोघी भेंडी-कापसाच्या कुळातल्या. चिकणा म्हणजे बला; तिच्या मुळीला गिऱ्हाईक आहे. मुळी खोल जाते, म्हणून हाताने ओढून तुटेल. बी पडून गेल्यावर, ओलावा असताना कुदळीने खणा, धुऊन, तुकडे करून वाळवा, आणि प्रत्येक जागी काही झाडं शिल्लक ठेवा. पेटारी, म्हणजे अतिबला, ओळखायला सोपी: फळावर कंगोरे असतात आणि लहानपणी आपण ते हातावर दाबून शिक्के मारायचो, म्हणून तिला मुद्राही म्हणतात. फुलं दुपारनंतर उमलतात. पण कापसाच्या किंवा भेंडीच्या रानाला लागून पेटारी ठेवू नका, कितीही औषधी असली तरी. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी तिच्यावर मुक्काम करतात आणि तिथून पिकात उतरतात. औषधासाठी हवीच असेल तर पडीक तुकड्यावर वाढवा.

सराट्याला, म्हणजे गोखरूला, कोणी फुकट शिव्या देत नाही; अनवाणी चाललेल्याला विचारा, नाहीतर सायकलच्या ट्यूबला. आयुर्वेदातल्या दशमुळातला, म्हणजे दहा मुळ्यांच्या औषधातला, गोक्षुर तो हाच. फळं हिरवी असताना नव्हे, पिवळट पडून गळण्याच्या बेताला आली की गोळा करा. बाजारात मोठं गोखरू वेगळं असतं. त्याचंही फूल पिवळंच, पण त्याची हिरवी फांदी पाण्यात फिरवली की पाणी बुळबुळीत होतं. आणि लांडगा नावाचं तण, ज्याची आकडेदार फळं धोतराला चिकटतात आणि ज्याला काही गावांत गोखरूच म्हणतात, तो या दोघांचा कोणी नव्हे. त्याची कोवळी रोपं गुरांना विषारी आहेत, पोत्यात येऊ देऊ नका. मेंढ्या राखणाऱ्यांनी सराट्याच्या दाट रानात कळप फार वेळ सोडू नये. जास्त खाल्ला की उन्हात तोंड सुजतं.

ज्या बांधावर यंदा तणनाशक किंवा कपाशीवरचं कीटकनाशक पडलं आहे, तिथलं एक पानही औषधाला देऊ नका. रस्त्याकडेचंही नको. वनजमिनीवरून गोळा करणार असाल तर गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आहे का, हे आधी ग्रामसभेत विचारून घ्या.

राहिला पिवळा धोत्रा. नाव धोत्रा असलं तरी तो खसखशीच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोचा; पान काटेरी, मोडलं की पिवळा चीक येतो. आत्ता दिसणार नाही. रब्बीची पेरणी झाली की उगवतो आणि थंडीत फुलतो. त्याचं बी काळं, मोहरीसारखं. १९९८ मध्ये दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली आणि अंगावर सूज येऊन माणसं मेली. तुम्ही मोहरी किंवा जवस घेत असाल तर पहिल्या खुरपणीत, चार-पाच पानांवर असतानाच, हातमोजे घालून तो मुळासकट काढा. खळ्यावर आल्यावर काळ्या दाण्यांत तो निवडता येत नाही.