शेअर्ड ड्राइव्ह शेअरपॉइंटवर नेताय? या चुका टाळा

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कंपन्यांची फाइल्सची कामं करतो मी. ऑफिसातल्या सर्व्हरवरचा जुना झेड ड्राइव्ह (सगळ्यांच्या फाइल्सची सामायिक जागा) शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर न्यायचा, लोकांना शिकवायचं आणि काही महिन्यांनी परत जाऊन झालेला घोळ निस्तरायचा. कोविडनंतर सगळ्यांनाच घरून फाइल उघडायला हवी असते, आता कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीसही हवाय, त्यामुळे घाई अजून वाढलीये आणि चुका मात्र त्याच त्या.

पहिली चूक म्हणजे ड्राइव्ह आहे तसा उचलून वर टाकणं. "आधी सगळं वर जाऊ दे, मग निवांत लावू" असं म्हणतात, पण एकदा वर गेलं की कुणी लावत नाही. "क्वालिटी, कस्टमर, जुनं, नवीन फोल्डर, नवीन फोल्डर 2, अमुकच्या लॅपटॉपचा बॅकअप" अशी साखळी तशीच वर जाते. शेअरपॉइंटला फोल्डर आणि फाइलच्या नावासकट पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) 400 अक्षरांपर्यंत चालतो, पण एक्सेल 218 च्या पुढे अडतं, म्हणजे फाइल वर नीट दिसते आणि लॅपटॉपवर सिंक केलेल्या (वरच्याशी जोडलेल्या, इकडचा बदल तिकडेही होणाऱ्या) फोल्डरमधून उघडायला गेलं की उघडतच नाही, मग "शेअरपॉइंट बेकार आहे" म्हणून फोन येतो. फोल्डरांची नावं मराठीत ठेवायला माझी अजिबात ना नाही, पण आखूड ठेवा, कारण लिंक कॉपी केली की बऱ्याचदा त्यात देवनागरीतल्या एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात, काना-मात्रा वेगळ्या धरून, आणि ती लांबलचक लिंक मेलमध्ये मधेच तुटते. मी तीन थरांच्या खाली फोल्डर करूच देत नाही. कस्टमर, पार्ट नंबर, वर्ष यांचे कॉलम बनवायचे आणि फिल्टर लावायचा. पहिला आठवडा लोक कुरकुरतात, नंतर त्यांनाच ते आवडतं.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिलाय ती, सिंक. एका पार्ट्सवाल्या कंपनीत ड्रॉइंग आणि पीपॅपची (पार्ट मंजूर करून घ्यायला कस्टमरला द्यायची कागदपत्रं) अख्खी लायब्ररी, म्हणजे शेअरपॉइंटवरचा फाइलींचा साठा, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सिंक करून दिली होती, कारण लोकांना ब्राउझर नको, फाइल एक्सप्लोररच हवा. एका पोराचा सी ड्राइव्ह भरून लाल झाला. त्याला वाटलं आपल्या लॅपटॉपवर कॉपी आहे, त्याने आतलं सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं. स्क्रीनवर सूचना आली होती की हे सगळीकडून जाईल, त्याने न वाचता ओके केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण रोज लागणारी ड्रॉइंग्ज शॉपवर प्रिंट मारून लावलेली. कस्टमरचं ऑडिट आलं, ऑडिटरने एका जुन्या पार्टचा कंट्रोल प्लॅन (पार्ट बनवताना काय, कसं तपासायचं त्याचा तक्ता) मागितला, आणि लायब्ररी उघडली तर आत काहीच नाही.

क्वालिटी हेडचा आवाज फोनवर कापत होता. लायब्ररी मागच्या तारखेला नेऊन ठेवायची सोय आहे, 30 दिवसांपर्यंत, पण ती मी वापरू दिली नाही, कारण त्या तारखेनंतर लोकांनी केलेलं कामही पुसलं गेलं असतं. रिसायकल बिनमध्ये गोष्टी 93 दिवस राहतात, तिथे कुणी डिलीट केलं हा कॉलम असतो, त्या एका नावाचं सगळं वेगळं काढलं. हजारो फाइल्स ब्राउझरमधून रिस्टोअर करायला गेलं की पेज गोठतं, म्हणून पॉवरशेलची (कमांड लिहून काम करवून घ्यायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) स्क्रिप्ट चालवली. सगळं परत आलं. ऑडिट आणखी तीन महिन्यांनी असतं तर काहीच हाताला लागलं नसतं, कारण वेगळा बॅकअप त्यांनी घेतलेलाच नव्हता, "क्लाउडवर आहे की" म्हणून.

त्या पोराला ओरडू नका असं मी तिथे स्पष्ट सांगितलं. चूक सगळ्यांना डिलीटचा हक्क देणाऱ्याची. ड्रॉइंगच्या लायब्ररीत बहुतेकांना फक्त बघायचा हक्क पुरतो, बदल दोघं-तिघं करतात. आणि जागा हवी असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून "फ्री अप स्पेस" (लॅपटॉपवरची प्रत जाते, वरची फाइल राहते), एवढं प्रत्येकाला एकदा हाताने करून दाखवा, मेल पाठवून कुणी शिकत नाही.

फाइनल, फाइनल 2, फाइनल साहेबांनी बघितलेली, असली नावं बंद करा. फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणारी व्हर्जन हिस्टरी त्यासाठीच आहे.

मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या चॅटमध्ये टाकलेली फाइल कंपनीच्या साइटवर जात नाही, ती टाकणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये (त्याच्या स्वतःच्या क्लाउड जागेत) राहते. चॅनलमध्ये टाकली तरच टीमच्या शेअरपॉइंटवर जाते. माणूस नोकरी सोडतो, आयटी त्याचं अकाउंट उडवतं, आणि सेटिंग बदललेलं नसेल तर 30 दिवसांनी त्याचा वनड्राइव्हही जातो. म्हणून शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि आयकार्ड घेता तसाच वनड्राइव्हही त्याच्या साहेबांच्या ताब्यात घ्या, मी तर एक्झिटच्या फॉर्ममध्येच ती ओळ घालायला लावतो.

परमिशनचा वैताग आला की कुणीतरी "कंपनीतले सगळे" हा ग्रुप जोडून मोकळं होतं. आजवर ते खपून गेलं, कारण शोधणार कोण. आता कोपायलट शोधतो. ज्याला जे बघायचा हक्क आहे ते सगळं तो त्याच्यापुढे मांडतो, पगाराची शीट उघडी असेल तर तीसुद्धा. कोपायलट घेण्याआधी एचआर आणि अकाउंट्सच्या साइट्स कुणाकुणाला दिसतात ते बघा, जमलं नाही तर खरेदी पुढे ढकला, मी तर सरळ तसं सांगतो.

स्कॅन 300 डीपीआयला करा आणि ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं सर्चला कळतील अशी करणं) चालू ठेवा. जुनं उडवायच्या आधी अकाउंट्सला विचारा, कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं 8 वर्षं ठेवायची आहेत, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने.

आणि एक गोष्ट जी बाहेरून आलेल्या व्हेंडरच्या यादीत कधीच नसते, जुने मराठी फॉन्ट. युनियनचे वेतन करार, ग्रामपंचायतीची पत्रं, कामगारांच्या नोटिसा हे सगळं वर्षानुवर्षं श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप झालंय. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, सर्चला तेवढंच कळतं. एका कंपनीत एचआरच्या मॅडम "ग्रॅच्युइटी" टाकून शोधत होत्या, एकही रिझल्ट नाही, आणि करार त्याच लायब्ररीत पडलेला. असल्या फाइल्स वर न्यायच्या आधी युनिकोडमध्ये (सर्चला कळणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत) करून घ्या आणि शेजारी मूळ प्रतीची पीडीएफ ठेवा. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडवतो, कधी आकडेसुद्धा, म्हणून करारातल्या रकमा आणि तारखा मराठी नीट वाचणाऱ्या माणसाला मूळ प्रत समोर ठेवून ओळीनं तपासायला द्या, इंटर्नला नको.