केबलमुळे टॉपचा पुढचा भाग अरुंद होत असेल तर

पुण्याच्या एप्रिलसाठी तुळशीबागेतून सुती धागा आणून बिनबाह्यांचा टॉप विणायला घेतला. पाठ आणि पुढचा भाग, दोन्हीला 100 टाके. पुढच्या भागात 6 टाक्यांच्या तीन केबल, म्हणजे टाके एकमेकांवरून नेऊन विणलेल्या वेणीसारख्या उभ्या नक्षी. शिवायला बसले तर पुढचा भाग जवळपास पावणेतीन सेंटिमीटर कमी! मुंढे पुढे ओढले जात होते.

ओला करून ताणून वाळवला, धुतल्यावर पुन्हा आक्रसला. जाड सुई घेतली तर साधी वीण जाळीसारखी झाली. दोनदा उसवला, रडूच आलं.

टाके एकमेकांवरून गेले की वीण आत ओढली जाते. माझ्या विणीत 6 टाक्यांची केबल 4 टाक्यांएवढीच जागा घेत होती.

म्हणून पुढच्या भागाच्या खालच्या पट्टीला 100च टाके घातले. पट्टीच्या शेवटच्या, उलट बाजूच्या ओळीत केबलच्या जागेवरच्या 4 टाक्यांचे 6 केले: एक उलट, दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून पीळ देऊन एक उलट, दोन उलट, पुन्हा धागा उचलून एक, शेवटी एक उलट. तिन्ही जागी असंच, म्हणजे 106. धाग्याला पीळ द्यायलाच हवा, नाहीतर तिथे भोक दिसतं. पुढच्या सुलट ओळीपासून केबल सुरू, दर सहाव्या ओळीला केबलचे टाके एकमेकांवरून न्यायचे.

गळ्याशी टाके बंद करतानाही केबलवर एक सुलट, दोनाचा एक, दोनाचा एक, एक सुलट असं 6चे 4 करत बंद करायचे. तसं न केल्यास गळा झालरीसारखा फुलतो.

आता पाठ आणि पुढा काठाला काठ जुळतात.