दसऱ्याआधीची ओपीडी

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात नव्याने रुजू होणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांसाठी हे लिहितेय. मी बीडकडच्या ग्रामीण रुग्णालयांत ओपीडी घेते.

ओपीडी बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी माणसं तशीही गावात येतात. तपासणी संपली की लगेच गाडीत बसू नका. कोण आलं नाही त्याची यादी नर्स आणि समाजसेवकासोबत बसून काढा आणि त्याच दिवशी आशाताईंना फोन करा. माझ्या मते आपलं निम्मं काम या यादीत आहे. औषध सुटल्यावर माणूस हिंडू लागला की घरचे आधी देवऋषीकडे नेतात. त्यावरून त्यांना बोलू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

आमच्याकडची खरी कसोटी ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि पाच-सहा महिने परतत नाहीत. म्हणून सप्टेंबरपासूनच प्रत्येकाला विचारा: उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली का? कुठला कारखाना? गाडी भरायला रात्री किती वाजता उठता? ओलान्झापिन या झोप आणणाऱ्या मनोविकारावरच्या औषधाची गोळी रात्री दहाला घेऊन तीनला उठणारी बाई उसाच्या मोळीखाली झोकांड्या खाते. तिला ती संध्याकाळी लवकर घ्यायला सांगा. गोळ्या नियमित होत नसतील तर महिनाभर हळूहळू औषध सोडणाऱ्या डेपो इंजेक्शनचा विचार निघण्याआधीच करा आणि तिकडे ते कोण देणार हे फोन करून पक्कं करा.

लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. फडात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि अंग दुखलं की दुकानातून डायक्लोफिनॅक आणायची, हे रोजचंच. या तिन्हींनी रक्तातलं लिथियम वाढतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल, बाकी गोळी विचारल्याशिवाय नाही, हे नवरा-बायको दोघांसमोर सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. उलट्या-जुलाब, हात जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. निघण्याआधी रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉईड तपासा. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं असतं, म्हणून सकाळची गोळी न घेता यायला सांगा.

सोबत निदान आणि डोस लिहिलेली चिठ्ठी द्या, इंग्रजीतही, कारण कर्नाटकातला डॉक्टर मराठी वाचेलच असं नाही. चिठ्ठीवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक लिहा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे. टोळी नेणाऱ्या मुकादमाला मात्र रुग्णाच्या परवानगीशिवाय एक शब्दही सांगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि आजार कळला तर त्या जोडप्याचा कोयता, म्हणजे जोडीने मिळालेलं ऊसतोडीचं काम, मोडू शकतो.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की आशाताईंकडून नावं घ्या. आल्या आल्या वजन, रक्त आणि उरलेल्या गोळ्या बघा. किती चुकल्या ते गोळ्या मोजून कळतं, आणि डोस बदलायचा की नाही ते त्यानंतरच ठरवा.