मत ठरवण्याआधी: एक शास्त्र, एक प्रतिज्ञापत्र

माझ्या बहिणीचा मुलगा म्हापशाहून रविवारी जेवायला आला होता. नुकताच अठरा पूर्ण झालाय. जेवता जेवता म्हणाला, "मावशी, आपण ख्रिस्ती लोकांनी मत कोणाला द्यायचं असतं?"

मी मूळची वेंगुर्ल्याची, लग्न होऊन हळदोण्याला आले. 34 वर्षं सरकारी मराठी शाळेत शिकवलं, आणि निवडणूक आली की इतर शिक्षकांसारखी केंद्रावर ड्युटी केली. किती जणांच्या डाव्या तर्जनीवर शाई ओढली त्याची मोजदाद नाही. तरी त्याच्या प्रश्नाला मी एका नावात उत्तर दिलं नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठल्याच पक्षाचं नाव नाही, आणि आहे म्हणून जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावं. शास्त्रात माणूस पारखायची रीत आहे. ती त्याला सांगायला मला तीन रविवार लागले.

आधी यादीत नाव आहे का ते बघा. नसेल तर फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. अठरा पूर्ण झाल्याचा हिशेब आता वर्षातून चारदा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. अडलं तर 1950 वर फोन करा. गोवा विधानसभेची मुदत मार्च 2027 मध्ये संपते, तेव्हा हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग 'आपला माणूस' हा शब्द मनातून काढा. मी एकदा निव्वळ आडनाव बघून मत दिलं होतं. चर्चमध्ये मिस्साला पुढच्या बाकावर बसणारा, फेस्ताला म्हणजे गावच्या सणाला सढळ हाताने देणारा माणूस. निवडून आल्यावर वाड्यावरच्या शेतजमिनीचा प्रश्न आला, तेव्हा ग्रामसभेला त्याचं तोंडही दिसलं नाही. त्या पाच वर्षांत मला कळलं की मी त्याचा बाप्तिस्मा बघून मत दिलं, त्याचं काम बघितलंच नाही. आणि 'आपले' म्हणताना आपण तरी कुठे सगळ्यांना धरतो? आपल्यातच जातीवरून सोयरीक ठरते. माझ्यासारख्या वेंगुर्ल्याच्या बाईला कित्येक वर्षं 'भायली', म्हणजे बाहेरची, असं ऐकावं लागलं. परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे लेवीयच्या 19व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय. बाहेरून आलेल्या मजुरांविरुद्ध जो उमेदवार लोकांना चिथावतो, त्याला मत देताना ते वचन मला आडवं येतं.

धर्माच्या, जातीच्या किंवा भाषेच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण ठरतं. उमेदवाराने स्वतःच्या धर्माचं नाव घेतलं तरी आणि मतदाराच्या धर्माचं घेतलं तरी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी सांगितलं. गोव्याला याचा अनुभव आधीपासून आहे. 16 जानेवारी 1967 च्या ओपिनियन पोलमध्ये, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का या कौलात, विलीनीकरणाच्या फुलाला 1,38,170 मतं पडली आणि वेगळं राहण्याच्या दोन पानांना 1,72,191. माझं सासर दोन पानांचं आणि मी मराठी शिकवणारी सून, तेव्हा या विषयावर घरात वाद पुष्कळ झाले. पण सासरे एक गोष्ट नेहमी सांगायचे: निव्वळ ख्रिस्ती मतांवर तो निकाल लागलाच नसता, शेजारचे हिंदूही त्यांच्याबरोबर रांगेत होते.

आता मुख्य काम. त्यासाठी दोन गोष्टी टेबलावर घ्या. एक, शास्त्रातलं '1 राजे' हे पुस्तक, अध्याय 21. दुसरी, उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र.

अहाब राजाच्या महालाला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजी लावायची होती. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. मग ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यावर राजाची मोहोर उठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथला दगडांनी मारलं. सगळं रीतसर, कागदोपत्री. गोव्यात राहणाऱ्याला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही. ऑर्चर्ड म्हणजे बागायत म्हणून नोंदलेली जमीन सेटलमेंट, म्हणजे बांधकामाची, होते आणि गावाला पत्ता लागतो तो डोंगर कापायला मशीन आल्यावर. नगरनियोजन कायद्यात 2023 साली 17(2) कलम आलं, ते म्हणे प्रादेशिक आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. लोक न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. झोन बदलू देणाऱ्या 39अ कलमावर वाद झाला तो वेगळाच.

प्रतिज्ञापत्र फॉर्म 26 मध्ये असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावरही लावतात. भाच्याने दोन छापून आणली होती, एकाच उमेदवाराची, लागोपाठच्या दोन निवडणुकांची. ताटं उचलल्यावर आम्ही ती शेजारी शेजारी ठेवली. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, वारसाने आली की विकत घेतली, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत आणि आजची अंदाजे किंमत असते. नवरा-बायको दोघांचं लिहावं लागतं. दुसऱ्या कागदावर जे सर्व्हे नंबर नवे दिसले, त्यांभोवती त्याने पेन्सिलने गोल केले. तुम्हीही तसंच करा. मग त्या नंबरांचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा आणि प्रादेशिक आराखड्यात तिथे कोणता झोन होता, आता कोणता आहे, ते ताडून बघा. तासाभराचं काम आहे.

यात दोन गोष्टी सांभाळा. मालमत्ता वाढली म्हणजे चोरी झाली असं होत नाही, जमिनीचे भाव सगळ्यांचेच वाढलेत. आणि गुन्ह्यांच्या रकान्यात आकडा बघून थांबू नका, कलमं वाचा. डोंगर वाचवायला रस्त्यावर बसल्याचा खटला आणि फसवणुकीचा खटला एका तागडीत घालता येत नाहीत. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपल्यालाही लागू आहे. खात्री केल्याशिवाय उमेदवाराबद्दल व्हॉट्सॲपवर काही पुढे पाठवलं, तर ईजबेलच्या त्या दोन साक्षीदारांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

मोशेचा सासरा इथ्रो याने जावयाला सल्ला दिला, तो निर्गमच्या 18व्या अध्यायात आहे: अधिकारी निवडायचे तर कर्तबगार, देवाला भिणारे, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेले निवड. हे चार शब्द मी कागदाच्या समासात लिहून घेते आणि प्रत्येक उमेदवाराला लावून बघते. चारही बसणारा क्वचित मिळतो. लाचेचा शब्द बसत नसेल, तर बाकीचे तीन मी मोजत नाही.

शपथेबद्दलही सांगते. जानेवारी 2022 मध्ये एका पक्षाच्या उमेदवारांनी पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये त्यांच्या 11 आमदारांपैकी 8 जण सत्ताधारी पक्षात गेले. 2019 मध्ये त्याच पक्षाचे 15 पैकी 10 गेले होते. हे आकडे असेच जुळत नाहीत. दोन-तृतीयांश मिळून गेले तर पक्षांतरबंदी कायद्यातून सुटका होते, म्हणून आधी तेवढे गोळा करतात. खुरसासमोर दिलेला शब्द असा मोडलेला बघून मला फार लागलं. ज्यांनी दारं उघडून त्यांना आत घेतलं, तेही त्यात वाटेकरी आहेत. प्रभू येशूने मत्तयच्या 5व्या अध्यायात सांगितलं की शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या. तेव्हा उमेदवाराची शपथ ऐकू नका. त्याने आजवर पक्ष किती वेळा आणि कधी बदलला ते वहीत मांडा.

पाकिटाचा विषय सगळ्यात अवघड. कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, आणि लाच शहाण्याचेही डोळे आंधळे करते असं शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात लिहिलंय. पण आमच्या वाड्यावर धुणीभांडी करणारी एक विधवा बाई आहे. मतदानाच्या आदल्या रात्री कोणीतरी पाकीट तिच्या दारातून आत सरकवून गेलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे रडत आली, "बाई, आता मत त्यालाच द्यायला लागणार ना?" तिला पाप सांगायला माझी जीभ वळली नाही. मी एवढंच म्हटलं, वाईट कामासाठी घातलेलं बंधन देव मानत नाही, आणि आत तुम्ही कोणतं बटण दाबता ते कोणालाही कळत नाही. हे मी ड्युटी केलेली बाई म्हणून सांगते. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेतून फक्त तुम्हाला दिसते, मग आत पडते. तुम्ही स्वतः मात्र घेऊ नका. वाटप दिसलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाका.

भाच्याने शेवटी विचारलं, एखाद्या पक्षात जाऊ का? जा, मी म्हटलं. शास्ते, अध्याय 9 वाच. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल सगळी आपापल्या कामात गुंतलेली, नको म्हणतात. मग काटेरी झुडूप राजा होतं आणि म्हणतं, या माझ्या सावलीत. राजकारण घाण आहे म्हणत चांगल्या घरांतली मुलं बाहेर राहिली, तर सावली काट्यांचीच मिळणार. फक्त आत गेल्यावर पक्षाची चूक पक्षाच्या बैठकीत बोलून दाखवता आली पाहिजे. तेवढी मोकळीक जिथे नाही तिथे राहू नको.

आणि फादरांना कोणाचं नाव विचारून अडचणीत टाकू नका. चर्चच्या कायद्याचं 287वं कलम त्यांना पक्षांच्या कामात सक्रिय भाग घेऊ देत नाही. निर्णय आपला, त्याचा जाबही आपल्यालाच द्यायचा.

मत दिल्यावर ते कागद टाकून देऊ नका. माझी फाईल प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी असते. तोच उमेदवार पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो, तेव्हा नव्या प्रतिज्ञापत्राशेजारी ठेवायला जुनं हाताशी लागतं.