साखर खरेदी करताय? तपासणीतल्या या चुका टाळा

शीतपेयं, बिस्किटं, चॉकलेटं बनवणाऱ्या बड्या कंपन्यांसाठी महाराष्ट्रातली साखर घेणारे हमखास एक चूक करतात. कामगारांना कसं वागवलं जातं याची तपासणी कारखान्याच्या गेटच्या आतच आटोपतात. आत हेल्मेट असतं, हजेरीपत्रक असतं, पीएफची पावतीही असते. पण ऊस तोडणारा कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतोच. तो बीड-जालन्याकडून मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळीत आलेला असतो. तेव्हा सुरुवात फडापासून, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेतापासून करा.

फडात गेलात तरी माणसांऐवजी कोयते मोजून परत येऊ नका. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीपाशी नेते. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, मात्र बहुधा नवऱ्याच्या नावावर. एका वहीत बाईचं नाव का नाही, असं मी विचारलं तर मुकादम म्हणाला, "कोयता लिहिलाय की साहेब, त्यातच आली ती." तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत. दोघांची नोंद वेगळी हवी, आणि तिची मजुरी तिच्या खात्यात.

"पगार वेळेवर मिळतो का?" हा प्रश्न इथे कुचकामी आहे. पैसे हंगामाआधीच उचललेले असतात, पुढचे पाच-सहा महिने ते फेडणं चालतं. विचारायचं ते हे: उचल किती, फिटली किती, खाडा पडला, म्हणजे एखादा दिवस कामाला गेलं नाही, तर किती कापतात, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बाकी राहिली तर काय? कर्जापोटी माणूस अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाळीत, आजारपणात खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण बायकाच सांगत होत्या. हे सगळं मुकादम शेजारी उभा असताना कोणी बोलणार नाही. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर जा, बायकांशी बोलायला बाईच पाठवा.

प्रमाणपत्रावर विसंबू नका. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या स्थितीबद्दलचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ ला, तिथल्या आगीत अडीचशेहून जास्त कामगार गेले.

आणि दोष सापडला म्हणून खरेदी बंद करून हात झटकू नका. तुमचं नाव स्वच्छ राहतं, उचल मजुराच्या अंगावर तशीच राहते. त्यापेक्षा मुदत द्या, पाणी-संडासाचा खर्च भावात धरा. ही बोलणी उचल वाटली जाण्याआधी करा. डिसेंबरात गाळप भरात असताना कारखान्यात तुमचा फोन घ्यायलाही कोणी मोकळं नसतं.